परतीची गाडी आधी: जर्मनीत शिकणाऱ्या सोलापूरकरांसाठी एका दिवसाच्या सहलीची सविस्तर आखणी

ऑगस्ट-सप्टेंबर आला की जर्मनीला निघालेल्या पोरापोरींच्या घरी बॅगा वजनकाट्यावर चढतात नि उतरतात. शेंगा चटणी किती न्यायची, कुकर घ्यायचा का, यावर शेजारपाजारच्यांचंही मत असतं. ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं आणि दरमहा थोडे थोडे काढायचं खातं), आरोग्यविमा, खोलीचं डिपॉझिट यांची माहिती तर जाणाऱ्याला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. शनिवार-रविवारचं काय करणार, हे मात्र कुणी विचारत नाही. पहिल्या सेमिस्टरमध्ये जीव घाबरा होतो तो बहुतेक त्याच दोन दिवसांत. सोमवार ते शुक्रवार लेक्चर, लॅब आणि मेन्सातल्या (विद्यापीठाच्या कँटीनमधल्या) जेवणात निघून जातात. रविवारी दुकानं बंद, रस्ते सुनसान, खोलीत आपण आणि हीटर.

त्यावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे चार दोस्त गोळा करून सकाळी निघायचं आणि रात्री आपल्याच पलंगावर येऊन झोपायचं. हॉटेल नको, रजा नको, मोठी बॅग नको. मी श्टुटगार्टला शिकलो आणि आता पुन्हा सोलापुरात आहे. जाणारी ज्युनिअर मंडळी भेटतात तेव्हा त्यांना जे सांगतो तेच इथे मांडतोय. नमुन्यादाखल श्टुटगार्ट ते उल्म ही सहल घेतली आहे. तुम्ही आखेनला असा नाहीतर ड्रेस्डेनला, गावांची नावं बदलतील, आखणीची रीत तीच राहील.

ती रीत एका वाक्यात: सहल शेवटून आखायची. आधी परतीची गाडी, मग दुपार, मग सकाळ. आपल्याकडे उलटं चालतं. "सकाळी लवकर निघू की बे, पुढचं पुढं बघू." सोलापुरात ते खपतं, कारण रात्री उशिरापर्यंत हायवेवर काही ना काही मिळतंच आणि अगदीच अडलं तर कुणाचा तरी मामा गाडी घेऊन येतो. तिकडे मामा नसतो.

पहिली पायरी: निघण्यापूर्वी विजापूरला तालीम

व्हिसाची वाट बघत घरी बसलेले असाल तर दोस्तांना घेऊन एकदा विजापूरला जाऊन या. अंतर शंभरेक किलोमीटर, रेल्वे होटगीवरून जाते आणि एसटी व कर्नाटकच्या बसही आहेत. पण अटी पाळायच्या. बाईक नाही, घरची गाडी नाही, ड्रायव्हर काका नाहीत. फक्त सार्वजनिक वाहन आणि स्वतःचे पाय. स्टँडवर किंवा स्टेशनवर उतरल्या-उतरल्या पहिलं काम परतीच्या दोन वेळा विचारून लिहून घेणं: शेवटची गाडी आणि तिच्या आधीची. गोलघुमट नंतर.

विजापूर मी मुद्दाम सुचवतो. तिथल्या बऱ्याच पाट्या कन्नडमध्ये असतात. घरी कन्नड बोलणारे सुद्धा अनेकदा ती लिपी वाचू शकत नाहीत. वाचता न येणाऱ्या गावात बस कशी ओळखायची, कुणाला विचारायचं, सांगितलेलं खरं मानायचं का, याचा सराव इथे चाळीस-पन्नास रुपयांच्या नाश्त्याइतक्या धोक्यात होतो. शिवाय गोलघुमटाचा जिना आहे. 1656 मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीच्या मनोऱ्यातून सात मजले चढून कुजबुज सज्जात जावं लागतं. तिथून उतरून गावाच्या दुसऱ्या टोकाला इब्राहिम रोजापर्यंत चालत जा. कुणाचे बूट चावतात, कोण अर्ध्या वाटेत रिक्षा शोधतो आणि कोण भूक लागली की चिडतो, ते त्या एका दिवसात कळतं. जर्मनीतल्या सहलीत दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं, त्यामुळे ही माहिती स्वतःबद्दल असलेली बरी.

दुसरी पायरी: माणसं

चार किंवा पाच. सहावा आला की हॉटेलात टेबल मिळत नाही, निर्णय होत नाही, आणि पाच जणांवर चालणाऱ्या तिकिटाचा हिशोबही मोडतो. (तिकिटाचं पुढे येतंच.)

सगळे मराठी असायलाच हवेत असा हट्ट धरू नका. सोलापूरच्या पोरांना इथे एक फायदा असतो, तो त्यांच्या लक्षातच येत नाही. गल्लीत तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड आणि क्रिकेट खेळताना उर्दू ऐकत वाढलेली ही मुलं. जर्मन विद्यापीठांत तेलुगू बोलणारे विद्यार्थी भरपूर भेटतात. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातल्या पोराला तिथे पहिल्या आठवड्यातच घरच्यासारखी माणसं सापडतात. ती ओळख वापरा, पण पाचांतला निदान एक जण भारताबाहेरचा घ्या, म्हणजे दिवसभर इंग्रजी किंवा मोडकी जर्मन बोलावी लागते. वर्गात भीड वाटते ते गाडीत वाटत नाही.

एक जण म्होरक्या ठरवा. त्या दिवसापुरतं त्याचं ऐकायचं, पुढच्या वेळी दुसरा. लोकशाही आदल्या रात्री ग्रुपवर करून घ्या. फलाटावर उभं राहून मतदान घेत बसलात तर गाडी जाते.

तिसरी पायरी: तिकीट

इथे घाई करू नका. सहलीतला सगळ्यात मोठा खर्च तिकिटाचा असतो आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच होतात.

जर्मनीत मे 2023 पासून डॉइचलँडटिकेट आहे. महिन्याचं एकच तिकीट, देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, एस-बान (उपनगरी रेल्वे), यू-बान (मेट्रो), ट्राम आणि शहरी बस यांवर चालणारं. सुरुवातीला ते महिना 49 युरोला होतं, जानेवारी 2025 पासून 58 आणि जानेवारी 2026 पासून 63 युरो झालं. अनेक विद्यापीठांच्या सेमिस्टर फीमध्ये त्याचीच विद्यार्थी आवृत्ती मिळते, पूर्ण किमतीच्या 60 टक्के दराने. म्हणून विद्यापीठाच्या पानावर पहिली गोष्ट ही तपासा, की तुमचं सेमिस्टर तिकीट देशभर चालतं की फक्त शहरापुरतं. देशभर चालत असेल तर उल्मचा प्रवास तुमच्यासाठी फुकट पडल्यासारखाच आहे. वेगळं घेत असाल तर एवढं ध्यानात ठेवा, की ती दरमहा आपोआप पुढे चालणारी वर्गणी आहे आणि बंद करायची झाली तर त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवावं लागतं. सुट्टीत सोलापूरला येणारे हे विसरतात आणि इथे हुरडा खात असताना तिकडे खात्यातून पैसे जात राहतात.

हे तिकीट आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. चालतात त्या आरई, आरबी, एस अशा अक्षरांच्या गाड्या, आणि श्टुटगार्टच्या भागात एमईएक्स लिहिलेल्याही. जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर ॲपमध्ये फक्त प्रादेशिक गाड्या दाखवण्याचा पर्याय आहे, तो आधीच चालू करून ठेवा. नाहीतर ॲप सगळ्यात वेगवान गाडी वर दाखवतं आणि आपण भोळेपणाने तिच्यात चढतो. योग्य तिकिटाशिवाय सापडलात तर 60 युरो दंड. "मला माहीत नव्हतं" हे तिकीट तपासनीस रोज ऐकतो.

डॉइचलँडटिकेट ज्याच्या नावावर त्यालाच चालतं, मित्राला उसनं देता येत नाही. तपासनीस ओळखपत्र मागू शकतो.

गटात एखाद्याकडे हे तिकीट नसेल, किंवा पुण्याहून कुणी पाहुणा आलेला असेल, तर राज्यापुरतं दिवसाचं लेंडरटिकेट असतं. बाडेन-व्युर्टेमबेर्गचं (श्टुटगार्ट आणि उल्म याच राज्यात) वेगळं, बव्हेरियाचं वेगळं. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं आणि माणसं वाढली की डोई खर्च उतरतो. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 पासून, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पहाटे 3 पर्यंत चालतं. त्यावर प्रवास करणाऱ्यांची नावं लागतात. छापील घेतलं असेल तर गाडीत बसण्यापूर्वी पेनाने लिहून टाका.

तिकीट फोनमध्ये असेल आणि फोन बंद पडला, तर तपासनिसासाठी तुमच्याकडे तिकीट नाही. गटात एक भरलेली पॉवर बँक असलीच पाहिजे. ती म्होरक्याच्या बॅगेत असू द्या.

चौथी पायरी: दिवस उलटा लावणे

आता कागद घ्या आणि खालून वर लिहायला लागा.

सगळ्यात खाली शेवटची गाडी. तिच्यावर एक रेघ मारा, ती आपली नाही. तिच्या आधीची किंवा त्याच्याही आधीची आपली. जर्मन रेल्वे वेळेवर धावते ही आपल्याकडची समजूत तिकडे गेल्यावर पहिल्याच महिन्यात गळून पडते. उशीर होतो, फलाट बदलतो, गाडी रद्दही होते. मध्ये गाडी बदलायची असेल तर दोन गाड्यांत पाच मिनिटांचं अंतर ठेवणारं वेळापत्रक घेऊ नका. पंधरा-वीस मिनिटं ठेवा.

मग अंधार. डिसेंबरमध्ये त्या भागात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये साडेनऊला. सोलापुरात वर्षभर दिवस थोडाफार कमी-जास्त होतो, त्यामुळे या फरकाचा अंदाजच नसतो. नदीकाठ, डोंगर, जंगल असलेल्या सहली एप्रिल ते सप्टेंबरसाठी राखून ठेवा आणि हिवाळ्यात संग्रहालयं, चर्च, नाताळचा बाजार बघा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे-मागे होतात. फोन स्वतः बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही.

मग वार. शनिवार घ्या. रविवारी किराणा दुकानं आणि मॉल बंद असतात. मोठ्या स्टेशनवरची दुकानं आणि काही बेकऱ्या तेवढ्या उघड्या. शनिवारी निघालात तर रविवार कपडे धुण्याला आणि असाइनमेंटला उरतो, आणि उल्मच्या बाबतीत शनिवारचं आणखी एक कारण आहे: म्युन्स्टर या तिथल्या उंच चर्चच्या चौकात बुधवारी आणि शनिवारी सकाळी आठवडी बाजार भरतो. मंगळवार बाजारात वाढलेल्या माणसाला तिथे लगेच करमतं. फरक एवढाच, की भाव करायचा नाही आणि फळांना हात लावायचा नाही. विकणाऱ्याला सांगायचं, तो देतो.

शेवटी सकाळ. आठच्या आसपास श्टुटगार्ट सोडा. तिथल्या मुख्य स्टेशनचं प्रचंड बांधकाम 2010 पासून सुरू आहे आणि त्यापायी शहरातून फलाटापर्यंत बरंच चालावं लागतं. सात रस्त्यावरून रिक्षात बसून गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी सोलापूर स्टेशनात शिरायची सवय असेल तर ती सोडा. पंधरा मिनिटं हातात ठेवून पोहोचा.

पाचवी पायरी: डबा आणि पाणी

बाहेर जेवलं तर पाच जणांचं मिळून बिल जेवढं होतं तेवढ्यात एकाचा आठवड्याचा किराणा येतो. 1 सप्टेंबर 2024 पासून ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो मिळतात आणि त्यात भाडं, विमा, जेवण सगळं आलं. त्यामुळे डबा न्या, एक कॉफी किंवा आइस्क्रीम बाहेर घ्या. माझ्या मते एवढं पुरे.

आणि डब्याच्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान. कडक भाकरी खास प्रवासासाठीच केल्यासारखी आहे. आठवडेच्या आठवडे टिकते, गरम करावी लागत नाही, वास मारत नाही. फक्त तिचा चुरा होतो, म्हणून पिशवीत न टाकता पसरट डब्यात ठेवा. सोबत शेंगा चटणी. दही हवं असेल तर सुपरमार्केटातून क्वार्क घ्या, आपल्या चक्क्याच्या जवळ जाणारा पदार्थ आहे. त्यात मीठ आणि चटणी कालवली की भाकरीला दुसरं काही लागत नाही. धपाटे करता येत असतील तर आदल्या रात्री करा. ज्वारीचं पीठ आशियाई दुकानांत मिळतं.

दोन इशारे. पहिला गंभीर आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली माणसं तिकडे भेटतात आणि ती ॲलर्जी जीवावर बेतू शकते. चटणीचा डबा उघडण्याआधी गटातल्या नव्या माणसाला विचारा, आणि कुणाला ॲलर्जी असेल तर त्या दिवशी चटणी घरीच राहू द्या. दुसरा इशारा बॅग भरतानाचा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून प्रवाशांनी मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, खवा, तूप सोलापुरातच राहणार. आईला हे आधी सांगा. विमानतळावर कस्टमवाल्यापुढे तिच्या हातचा डबा टाकून देण्यापेक्षा ते सोपं पडतं.

पाण्याची बाटली घरून भरून घ्या, नळाचं पाणी पिण्यालायक असतं. 'काइन ट्रिंकवासर' (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असलेलं सोडून कुठलंही भरा. हॉटेलात फुकट पाणी येईल अशी अपेक्षा नको, विकत घ्यावं लागतं. विकतच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते. बाटली फेकू नका, सुपरमार्केटातल्या यंत्रात टाकून पैसे परत घ्या.

बाहेरच खायचं ठरलं तर शाकाहारी मंडळींनी माउलटाशेनपासून सावध राहावं. दिसायला साधे पिठाचे पुडके, आत बहुधा मांस. केजेश्पेत्सले मागवा, म्हणजे चीज घातलेल्या घरगुती शेवया. बिल आणताना वेटर विचारतो, 'त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?' म्हणजे एकत्र की वेगवेगळं? 'गेट्रेन्ट' म्हणायचं. प्रत्येकाचं वेगळं बिल होतं आणि कुणाला वाईट वाटत नाही.

सहावी पायरी: अंगावर काय, बॅगेत काय

बूट जुने आणि सवयीचे. कपडे एकावर एक, कारण सकाळी 8 अंश आणि दुपारी 22 असं होऊ शकतं. छत्रीपेक्षा टोपीचं पावसाळी जाकीट बरं, वाऱ्यात छत्री टिकत नाही. एक पातळ सोलापुरी चादर. हे मी अभिमानापोटी सांगत नाही. नदीकाठच्या गवतावर बसायला, गाडीत थंडी वाजली तर पांघरायला आणि धुऊन पुन्हा पलंगावर टाकायला तिच्यासारखं काही नाही. 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू गवतावर अंथरताना सुरुवातीला जरा जीवावर येतं, एवढंच.

थोडी रोख रक्कम आणि नाणी ठेवा, बाजारात आणि स्वच्छतागृहात लागतात. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला बऱ्याच ठिकाणी एक युरो पडतो, प्रादेशिक गाडीतलं फुकट असतं. म्हणून उतरण्यापूर्वी जाऊन या. पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट जवळ हवंच.

सातवी पायरी: प्रत्यक्ष दिवस

फलाटावर अ, ब, क असे विभाग असतात आणि छोटी गाडी लांब फलाटाच्या एका भागातच थांबते. बोर्डावर विभाग बघून तिथे उभे राहा. दरवाजा आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. हे माहीत नसलेला माणूस बंद दारासमोर नम्रपणे उभा राहतो आणि गाडी निघून जाते.

आणखी एक. काही प्रादेशिक गाड्या वाटेत दुभागतात. पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. म्युनिकहून दक्षिणेला तलावांकडे जाणाऱ्या गाड्या अशाच फुटतात. डब्याच्या बाहेर आणि आत शेवटच्या स्टेशनचं नाव असतं. बसण्यापूर्वी ते वाचा.

उल्मला आरई किंवा एमईएक्सने साधारण तास-सव्वा तास लागतो. वेगवान गाड्या डिसेंबर 2022 पासून नव्या मार्गाने बोगद्यांतून जातात आणि त्यांतल्या प्रवाशांना काही दिसत नाही. आपली स्वस्त गाडी मात्र जुन्या वाटेने गाइसलिंगेनचा घाट चढते. 1850 मध्ये सुरू झालेला हा चढ साधारण 44 मीटरला एक मीटर आहे. आपला बोरघाट 37 ला एक, म्हणजे त्याहून खडा. पण सिद्धेश्वर एक्स्प्रेसने झोपेत कर्जतला बँकर इंजिनाचे धक्के खाल्लेल्यांना ऐकून बरं वाटेल, की गाइसलिंगेनलाही जड मालगाड्यांना मागून इंजिन लावतात. ही पंधरा मिनिटं फोन खाली ठेवा.

उल्मला उतरलात की आधी परतीच्या गाड्यांच्या बोर्डाचा फोटो काढा. विजापूरला केलं तेच.

मग म्युन्स्टर. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. 1377 मध्ये पायाभरणी आणि 1890 मध्ये शिखर पूर्ण, उंची 161.53 मीटर. ऑक्टोबर 2025 मध्ये बार्सेलोनाच्या सग्रादा फामिलियाने मागे टाकेपर्यंत जगातलं सर्वांत उंच चर्च हेच होतं. आत जायला पैसे नाहीत, मनोऱ्याचं तिकीट आहे. 768 पायऱ्या, गोल आणि अरुंद. मनोरा सकाळीच करा, ताज्या पायांनी आणि गर्दीआधी. ज्याला बंद जागेची भीती आहे त्याला खाली बाजारात ठेवा, ओढून नेऊ नका. वरचा टप्पा दुरुस्तीसाठी कधी बंद असतो, म्हणून तिकीट घेतानाच विचारा. हवा स्वच्छ असेल तर वरून दक्षिणेला आल्प्स दिसतात.

अल्बर्ट आईन्स्टाईन 14 मार्च 1879 ला याच गावात जन्मला. घर बघायचा आग्रह धरू नका. ते दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालं आणि त्याचं कुटुंब तो एक वर्षाचा असतानाच म्युनिकला गेलं होतं. स्टेशनजवळ स्मारक आहे, जाता जाता दिसतं.

माझा या गावातला आवडता माणूस वेगळाच, आल्ब्रेख्ट बेर्ब्लिंगर. धंद्याने शिंपी. त्याने फावल्या वेळात पंख बनवले आणि 1811 च्या मेअखेरीस डॅन्यूबवरून उडायचा प्रयत्न केला. नदीत पडला, कोळ्यांनी बाहेर काढला, लोकांनी आयुष्यभर हसं केलं. पुढे 1986 मध्ये त्याच्या यंत्राची प्रतिकृती उडवून पाहिली तेव्हा ती उडू शकते हे दिसलं. नदीवरची थंड हवा खाली खेचणारी होती, हा त्याचा घात. गणवेश शिवणाऱ्या शहरातून आलेल्या माणसाला हा शिंपी जवळचा वाटला तर नवल नाही. तटावरून फिरताना त्याची जागा येते.

तटाखालीच कोळ्यांची जुनी वस्ती, फिशरफिर्टेल. ब्लाउ नदीचे लहान प्रवाह, त्यांवरचे पूल, कलंडलेली लाकडी घरं. तासभर तिथे बिनकामाचे फिरा. डबा डॅन्यूबच्या काठावर खा. पूल ओलांडून पलीकडे गेलात की नोय-उल्म, आणि ते बव्हेरियात. जेवण एका राज्यात, हात धुणं दुसऱ्या राज्यात.

दोनच्या सुमारास पायांत जीव असेल आणि हवा चांगली असेल, तरच ब्लाउबॉयरेन. उल्महून पाव तासाची गाडी, पुढे पंधरा-वीस मिनिटं चालणं. तिथे ब्लाउटोप्फ नावाचा झरा आहे. चुनखडीच्या डोंगरातून वर येणारं पाणी, साधारण 21 मीटर खोल आणि निळंशार. मोठा पाऊस पडून गेला असेल तर पाणी गढूळ हिरवट होतं. अशा दिवशी ब्लाउबॉयरेन सोडून द्या आणि उल्मलाच कॉफी प्या. सगळं बघायचंच असा हट्ट धरलेल्या सहलीत संध्याकाळी पाचला कुणीच कुणाशी बोलत नसतं.

आठवी पायरी: बिघडलं तर

फलाटावर 'फेल्ट आउस' दिसलं तर गाडी रद्द आहे. 'फेरश्पेटुंग' म्हणजे उशीर. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस सोडतात. ॲपमध्ये आणि पाट्यांवर त्याची SEV ही तीन अक्षरं दिसतात, जर्मन लोक ती 'एस-ए-फाउ' अशी वाचतात. ही बस बहुधा स्टेशनच्या बाहेर सुटते आणि बराच जास्त वेळ घेते. शुक्रवारी रात्री ॲपमध्ये तुमच्या मार्गासमोर ही अक्षरं दिसली तर सहल पुढच्या आठवड्यावर ढकला किंवा गाव बदला.

कुणी मागे राहिलं तर नियम एकच आणि तो सकाळीच सांगायचा: राहिलेला जागेवरच थांबतो आणि पुढची गाडी धरतो, पुढे गेलेले ठरलेल्या स्टेशनवर थांबतात. दोन्ही बाजू एकमेकांना शोधायला निघाल्या की संध्याकाळ गेली. अपघात किंवा आजारपणात 112, पोलिसांसाठी 110.

हिशोब त्याच रात्री, गाडीत बसल्या-बसल्या करा. ज्याने तिकीट काढलं त्याला तिथेच पैसे पाठवा. दोन-दोन युरोचं उधार महिनाभर राहिलं की मैत्रीत खडा पडतो, आणि मागणारा संकोचतो.

घरी फोन संध्याकाळी करायचा बेत ठेवू नका. उन्हाळ्यात सोलापूर साडेतीन तास पुढे असतं, हिवाळ्यात साडेचार. तुम्ही रात्री आठला खोलीवर पोहोचता तेव्हा घरी साडेअकरा किंवा साडेबारा झालेले असतात. दुपारी डॅन्यूबच्या काठावरून व्हिडिओ कॉल करा. घरच्यांची चहाची वेळ असते आणि सोबतची पोरंही त्यांना दिसतात. कोण आहेत, कुठली आहेत, हे त्यांना नदीपेक्षा जास्त बघायचं असतं.

पुढच्या सहली

उल्म झालं की ट्युबिंगेन. श्टुटगार्टहून तासाभरावर, 1477 पासूनचं विद्यापीठ आणि नेकार नदीत बांबूसारख्या लांब काठीने ढकलत चालवायच्या सपाट होड्या. त्यानंतर हायडेलबेर्ग, दीड-दोन तास, आणि किल्ल्यासाठी पूर्ण दिवस धरा. बोडनझे तलाव जूनच्या लांब दिवसांसाठी ठेवा.

देशाची सीमा ओलांडायची ती यानंतर. जर्मन रेसिडेन्स परमिटवर शेंगेन या युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या गटातल्या दुसऱ्या देशांत 180 दिवसांतले 90 दिवस राहता येतं, पण परमिटचं कार्ड अजून आलेलं नसेल आणि हातात फक्त तात्पुरता कागद असेल तर परदेशी नागरिकांच्या तिथल्या सरकारी कार्यालयाला विचारल्याशिवाय जाऊ नका. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आहे, त्यामुळे परतताना गाडीत पोलीस येऊ शकतात आणि पासपोर्टचा फोनमधला फोटो दाखवून भागत नाही. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला जायचं असेल तर डॉइचलँडटिकेट केल या सीमेवरच्या जर्मन गावापर्यंत चालतं. तिथून ऱ्हाइन ओलांडणारी ट्राम आहे, तिचं तिकीट वेगळं काढायचं. आणि केलहून परतीची शेवटची गाडी कोणती, ते श्टुटगार्ट सोडण्यापूर्वी लिहून घ्या.